रोबोट, रक्तवाहिनी आणि मामाचे सव्वासात तास

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे बघा’ शक्य तितके काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

००:०० : सुरुवात

लोकलमध्ये लटकत असाल, जिममध्ये असाल किंवा भांडी घासताना एक इअरबड कानात घालून ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत.

मागे एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला होता. ‘दादा, रोबोट अँजिओप्लास्टी करतो म्हणे. खरंय की नुसती रील आहे?’ खरंय. पण मी या विषयाच्या मागे लागलो त्याला एक घरचं कारण आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मामाला ब्रेन स्ट्रोक झाला. मामा तालुक्याच्या गावी राहतो. सकाळी साडेपाचला उठला, दात घासले, मामीला चहा ठेवायला सांगितला. पावणेसहाला त्याच्या उजव्या हातातून कप सुटला आणि बोलणं अडखळायला लागलं. पुढे शहरातल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी ‘आता गुठळी काढून उपयोग नाही’ असं सांगितलं, तेव्हा दुपारचा एक वाजला होता. सव्वासात तास.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच चित्र होतं. डॉक्टर शहरात, पेशंट गावात, मध्ये इंटरनेट आणि गावच्या हॉस्पिटलमध्ये एक रोबोट. मी पडलो इंजिनिअर, आम्हाला प्रत्येक दुखण्यावर मशीनच सुचतं. तर आज बघूया, हे मशीन नक्की काय करतं, कुठपर्यंत आलंय, आणि ते असतं तर मामाचा हात वाचला असता का.

०१:५० : नाडी ओवायचं काम

आधी रोबोट बाजूला ठेवू. माणूस हे काम कसं करतो ते समजून घेऊ.

घरी पायजम्याची नाडी निघाली की आई काय करते? नाडीच्या टोकाला सेफ्टी पिन लावते आणि नेफ्यातून पुढे सरकवत नेते. आत काय चाललंय ते दिसत नाही. बोटांना कापडातून पिन लागते, कुठे अडली ते कळतं, मग थोडं मागे, थोडं फिरवून परत पुढे.

रक्तवाहिनीच्या आतून केलेला उपचार साधारण असाच असतो. छाती किंवा डोकं उघडायचं नाही. मनगटाच्या किंवा जांघेच्या धमनीत सुई घालून तिथून एक लांब पोकळ नळी आत सारायची. हिला कॅथेटर म्हणतात आणि तिची जाडी बऱ्याचदा २ मिलिमीटरच्या आसपास असते. त्या नळीतून एक तार जाते, गाइडवायर. हृदयाच्या कामासाठी ही तार साधारण ०.३६ मिलिमीटर जाडीची असते. तारेचं टोक मऊ आणि किंचित वाकवलेलं असतं. बाहेरचं टोक बोटांत धरून फिरवलं की आतलं टोक वळतं आणि रक्तवाहिनीला फाटा फुटतो तिथे डावीकडे जायचं की उजवीकडे, ते ठरवता येतं. तार अडथळ्याच्या पलीकडे गेली की तिच्यावरून फुगा किंवा स्टेंट सरकवायचा.

ही कल्पना जुनी आहे. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका बाईंच्या पायाची अरुंद झालेली धमनी आतून रुंद केली आणि कापावा लागणारा पाय वाचवला. १९७७ मध्ये झुरिकला आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी जाग्या असलेल्या पेशंटच्या हृदयाच्या धमनीत फुगा फुगवला. आज आपण ज्याला अँजिओप्लास्टी म्हणतो, ती तिथून सुरू झाली.

नाडी आणि धमनी यांत एक मोठा फरक आहे. आईला पिन दिसत नाही, डॉक्टरांना तार दिसते, पण फक्त एक्स-रेच्या पडद्यावर. म्हणजे काम चालू असेपर्यंत एक्स-रे पुन्हा पुन्हा चालू करावा लागतो. रोबोटची गोष्ट सुरू होते ती इथूनच.

०४:३० : आधी डॉक्टरांसाठी

मला वाटायचं, रोबोट आणला तो हात अचूक चालावा म्हणून. ते कारण आहेच. पण सुरुवातीचं मोठं कारण डॉक्टरांचं स्वतःचं शरीर होतं.

एक्स-रे पेशंटच्या अंगावर पडतो आणि तिथून विखुरतो. टेबलाशी डॉक्टर पेशंटपासून हातभर अंतरावर उभे असतात. पेशंटला हा डोस एकदाच मिळतो, डॉक्टरांना रोज. म्हणून ते शिशाचा एप्रन घालतात, पाच-सात किलोचा. तो घालून दिवसभर उभं राहायचं, वर्षानुवर्षं. पाठीचं आणि मानेचं दुखणं या लोकांत फार आहे. डोळ्यांच्या भिंगावर रेडिएशनचा परिणाम होतो, तेही तपासण्यांत दिसलंय.

मग कोणीतरी साधा प्रश्न विचारला. तार सरकवायला डॉक्टरांनी टेबलाशीच उभं राहायला हवं का?

कॉरिंडस नावाच्या अमेरिकन कंपनीने कॉरपाथ हा रोबोट बनवला. २०१२ मध्ये त्याला अमेरिकेत हृदयाच्या अँजिओप्लास्टीसाठी मान्यता मिळाली. त्याआधी ‘प्रिसाइज’ नावाचा अभ्यास झाला होता, १६४ पेशंटचा. त्यात ९८.८ टक्के पेशंटमध्ये काम रोबोटने पार पडलं. आणि टेबलाशी जेवढं रेडिएशन मोजलं गेलं, त्यापेक्षा डॉक्टर बसले होते त्या केबिनमध्ये ते ९५.२ टक्क्यांनी कमी होतं. डॉक्टर खुर्चीत बसले होते आणि त्यांच्या अंगावर एप्रनही नव्हता.

०६:१० : हा दिसतो कसा?

रोबोट म्हटलं की डोळ्यांसमोर हात-पाय-डोकं येतं. तसं काही नाही. सर्जरीच्या व्हिडिओत चार हातांचा, कोळ्यासारखा रोबोट तुम्ही पाहिला असेल. तो पोटावर छोटी भोकं पाडून आत अवजारं चालवतो. आपला रोबोट त्यातला नव्हे.

याचे दोन भाग. एक पेशंटच्या टेबलाला लावलेला हात. त्याच्या टोकाला एक डबी बसवतात, कॅसेट म्हणतात तिला. ती एका पेशंटपुरतीच वापरून टाकून द्यायची. कॅसेटमध्ये छोटी चाकं असतात. ती तार पकडतात, पुढे-मागे सरकवतात आणि फिरवतात. म्हणजे आपलीच दोन बोटं, मोटर लावलेली.

दुसरा भाग म्हणजे डॉक्टरांची केबिन. समोर एक्स-रेचे पडदे आणि हाताशी जॉयस्टिक. एक तारेसाठी, एक फुगा किंवा स्टेंटसाठी आणि नंतर आलेल्या मॉडेलमध्ये एक कॅथेटरसाठी. टचस्क्रीनवर बोट टेकवलं की स्टेंट एक मिलिमीटर पुढे, परत टेकवलं की अजून एक. अडथळा किती लांबीचा आहे तेही तार सरकवून मोजता येतं. हे हाताने इतकं नेमकं जमणं अवघड आहे.

सॉफ्टवेअरचा एक भाग मला फार आवडला. अनुभवी डॉक्टर तार चुकीच्या फाट्यात गेली की ती मागे घेताना सहज थोडी फिरवतात. म्हणजे पुढच्या वेळी टोकाची दिशा बदललेली असते. ही बोटांची सवय आहे, पुस्तकातला नियम नव्हे. कॉरपाथमध्ये तीच सवय कोडमध्ये घातली. जॉयस्टिक मागे ओढली की तार आपोआप फिरते. आपल्याकडे सिनियर निवृत्त झाला की त्याच्या डोक्यातलं सगळं त्याच्यासोबत जातं. इथे एक सवय तरी मागे राहिली.

आता उणी बाजू. नाडी ओवताना आईच्या बोटांना पिन अडल्याचं कळतं. कॉरपाथच्या जॉयस्टिकला ते कळत नाही. डॉक्टर पडद्यावर तारेचं टोक वाकलेलं बघतात आणि त्यावरून ओळखतात की ती कुठेतरी अडलीय. स्पर्शाचं काम डोळ्यांनी करायचं. धमनीची भिंत नाजूक असते, चुकीच्या जागी जोर लावला तर भोक पडू शकतं. त्यामुळे ही उणीव किरकोळ नव्हे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रोबोट एकटा काही करत नाही. मनगटात सुई घालणं, कॅसेटमध्ये तार भरणं, स्टेंट बदलून देणं, ही कामं टेबलाशी उभी असलेली माणसं हातानेच करतात. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

०९:०० : अहमदाबाद, डिसेंबर २०१८

डॉक्टर शेजारच्या केबिनमध्ये बसू शकतात, तर शेजारच्या गावात का नाही?

हे जगात पहिल्यांदा पेशंटवर करून दाखवलं ते भारतात. डॉ. तेजस पटेल गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिराच्या आवारात बसले होते आणि पेशंट होते अहमदाबादच्या अपेक्स हार्ट इन्स्टिट्यूटमध्ये. अंतर साधारण ३२ किलोमीटर. पाच पेशंट, पाचही जणांच्या हृदयाच्या धमनीत स्टेंट नीट बसले.

बातमी वाचताना ‘३२ किलोमीटर’ डोळ्यांत भरतं. मी मात्र दोन बारीक गोष्टींकडे लक्ष देईन. एक, पेशंट निवडून घेतलेले होते, साध्या अडथळ्यांचे. दोन, पेशंटपाशी अनुभवी डॉक्टरांची टीम तयार उभी होती. वेळ पडली असती तर त्यांनी तिथल्या तिथे काम हातात घेतलं असतं. पहिल्या प्रयोगात असंच करायला हवं, त्यात कमीपणा काही नाही. पण ‘गावात डॉक्टर नाही म्हणून रोबोट’ या माझ्या चित्रापासून हे अजून लांब होतं.

१०:३० : लॅग

पबजी खेळताना लॅग आला की तुम्ही मरता आणि शिव्या देता. इथे मरणारा वेगळा असतो.

दुरून काम करताना दोन प्रवाह असतात. जॉयस्टिकचा हुकूम जातो आणि एक्स-रेचं चित्र परत येतं. डॉक्टरांना जाणवतो तो या सगळ्याचा एकूण उशीर. संशोधकांनी मुद्दाम उशीर घालून डॉक्टरांकडून काम करून घेतलं. साधारण २५० मिलिसेकंदांपर्यंत, म्हणजे पाव सेकंदापर्यंत, डॉक्टरांना फारसा फरक जाणवला नाही. ४०० च्या पुढे जाणवायला लागला. चांगल्या फायबर लाइनवर पाव सेकंदाच्या आत राहणं आज अवघड नाही.

माझ्या मते सरासरी उशिरापेक्षा त्रासदायक असतो तो लहरी उशीर. कायम २०० मिलिसेकंद असेल तर हाताला सवय होते. एकदा ५०, एकदा ५००, परत ५० असं झालं तर सवय कशाची करणार? रोज सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला हे दुखणं चांगलं ठाऊक असतं.

आणि लाइन तुटलीच तर? अशा यंत्राचा पहिला नियम असतो की हुकूम थांबला की जागेवर थांबायचं. उडत्या ड्रोनला हे परवडत नाही. धमनीतली तार मात्र थोडा वेळ स्थिर राहिली तर सहसा बिघडत नाही. तेवढ्यात टेबलाशी असलेल्या माणसाने कॅसेटमधून तार सोडवून हातात घ्यायची. म्हणजे पुन्हा तेच, टेबलाशी जाणता माणूस हवाच.

१२:१५ : मग सगळीकडे का नाही?

२०१९ मध्ये सीमेन्स हेल्थिनिअर्सने कॉरिंडस कंपनी साधारण १.१ अब्ज डॉलरला विकत घेतली. सगळ्यांना वाटलं, आता प्रत्येक कॅथलॅबमध्ये रोबोट येणार. २०२३ मध्ये त्याच कंपनीने जाहीर केलं की हृदयाच्या कामातून रोबोट बाजूला घेतोय आणि लक्ष मेंदूच्या रक्तवाहिन्यांकडे वळवतोय.

हा माझा अंदाज म्हणून ऐका. साधी अँजिओप्लास्टी कसलेला डॉक्टर हाताने भराभर करतो. तिथे रोबोट म्हणजे वाढीव खर्च, टाकून द्यायची कॅसेट आणि मांडामांडीचा वेळ. ज्या गुंतागुंतीच्या केसमध्ये मदत हवी, तिथे बऱ्याचदा एकाच वेळी अनेक तारा आणि वेगळी अवजारं लागतात, आणि तिथेच रोबोट तोकडा पडायचा. आणि मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात हृदयाचे डॉक्टर असतातच. म्हणजे जिथे रोबोट परवडतो तिथे त्याची निकड नाही, आणि जिथे निकड आहे तिथे तो परवडत नाही.

मेंदूचं गणित वेगळं आहे. धमनीत गुठळी अडकली की मेंदूच्या त्या भागाचं रक्त तुटतं. एका मोजणीप्रमाणे दर मिनिटाला साधारण १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठ्या धमनीतली गुठळी नळी घालून ओढून काढता येते. २०१५ मध्ये एकापाठोपाठ आलेल्या चाचण्यांनी या उपायाची ताकद सिद्ध केली. त्यासाठी साधारण सहा तास मिळतात, आणि स्कॅन बघून निवडलेल्या काही पेशंटना २४ तासांपर्यंत. पण हे काम येणारे डॉक्टर थोडे आणि तेही मोठ्या शहरांत. गडचिरोलीहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या वर आहे. इथे अंतराला खरी किंमत आहे.

नोव्हेंबर २०१९ मध्ये टोरंटोला डॉ. व्हिटर मेंडिस परेरा यांनी मेंदूतल्या धमनीच्या फुग्यावर रोबोटच्या मदतीने उपचार केला, पेशंट त्याच हॉस्पिटलात होता. २०२५ मध्ये स्कॉटलंडच्या डंडीमध्ये लिथुआनियाच्या सेंतांते कंपनीचा रोबोट वापरून दान केलेल्या मृतदेहांवर गुठळी ओढून काढण्याचा प्रयोग झाला. त्यात एक डॉक्टर अमेरिकेतल्या फ्लोरिडात बसले होते, सहा हजार किलोमीटरच्या पलीकडे. या रोबोटमध्ये जॉयस्टिक नाही. डॉक्टर नेहमीसारखी तारच हातात धरतात आणि तिकडचा अडथळा बोटांना जाणवतो. म्हणजे नाडी ओवणाऱ्या बोटांना स्पर्श परत मिळाला. पण प्रयोग मृतदेहावरचा आहे, हे विसरू नका.

१५:०० : मामाचे सव्वासात तास

आता मामाकडे येऊ. ॲप हळू चालत असेल तर आम्ही आधी प्रोफायलिंग करतो, म्हणजे वेळ नक्की कुठे जातोय ते मोजतो. न मोजता दुरुस्त करायला गेलं की माणूस भलत्याच फंक्शनवर रात्र घालवतो. मी मामीला आणि मामेभावाला विचारून त्या दिवसाचं तेच केलं.

घरी दीड तास. ‘पित्त चढलं असेल, जरा पडू दे.’
ओळखीच्या डॉक्टरांकडे आणि तिथून जवळच्या हॉस्पिटलात, अर्धा तास.
त्या हॉस्पिटलात दीड तास. तिथे सीटी स्कॅन नव्हतं. सलाइन लावलं, वाट बघितली.
ॲम्ब्युलन्स मिळेपर्यंत पाऊण तास.
रस्ता, दोन तास दहा मिनिटं.
शहरात स्कॅन आणि निर्णय, पन्नास मिनिटं.

बेरीज करा, बरोबर सव्वासात तास.

माझ्या स्वप्नातल्या रोबोटने यातलं काय वाचवलं असतं? रस्ता आणि ॲम्ब्युलन्स, म्हणजे तीन तासांना पाच मिनिटं कमी. तेही कधी? तालुक्याला सीटी स्कॅन, कॅथलॅब, भूलतज्ज्ञ, धमनीत सुई घालू शकणारा डॉक्टर आणि कॅसेट भरू शकणारी नर्स असती तर. एवढं सगळं असतं, तर रोबोट नसतानाही मामा साडेआठ-नऊपर्यंत स्कॅन होऊन इंजेक्शनच्या मुदतीत बसला असता.

उरलेले चार तास वीस मिनिटं कोणताच रोबोट वाचवत नाही. त्यातले दीड तास तर आमच्याच घरात गेले. मला हे मान्य करायला वेळ लागला. रस्त्याला, अंतराला, सरकारला दोष देणं सोपं होतं. मामी अजून म्हणते, ‘मला काय माहीत रे, पित्तच वाटलं.’ तिचं काही चुकलं नाही. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि मी, जगभरचं टेक्नॉलॉजीचं ज्ञान पाजळणारा, मीही कधी सांगितलं नव्हतं.

रोबोट निकामी आहे असं मी म्हणत नाही. स्कॅन असलेली, कॅथलॅब असलेली, पण मेंदूचा तज्ज्ञ नसलेली जिल्ह्याची हॉस्पिटलं आहेत आणि पुढे वाढतील. तिथे हा रोबोट उद्या जीव वाचवू शकतो. तो डॉक्टरांचा हात लांब करतो. पण त्या लांब हातापर्यंत पेशंटला वेळेत आणणं अजून आपलंच काम आहे.

१८:१० : जाता जाता

म्हणून आज सबस्क्राइब करायच्या आधी एक काम करा. घरच्या ग्रुपवर हे चार शब्द टाका. चेहरा, हात, बोलणं, वेळ. हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओघळतंय का बघा. दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली पडतोय का बघा. एक साधं वाक्य बोलायला सांगा. यातलं एक जरी बिघडलं तर घड्याळात वेळ बघून लक्षात ठेवा आणि १०८ ला फोन लावा. पाणी, चहा, गोळी काही तोंडात घालू नका, घशात अडकू शकतं. आणि फोनवरच विचारा, ‘सीटी स्कॅन कुठे आहे?’ जवळचं हॉस्पिटल म्हणजे जिथे स्कॅन होतं ते.

मामा कसा आहे? बोलतो, हळू. उजवा हात फारसा चालत नाही. आमचा प्रत्येक एपिसोड ऐकतो आणि डाव्या हाताने एक अंगठा पाठवतो. हा एपिसोड रेकॉर्ड करायच्या आधी त्याला विचारलं, ‘तुझी गोष्ट सांगू का?’ तर म्हणाला, ‘सांग. पण... मामीला... बोल लावू नको.’

नाही लावला, मामा.

चला मंडळी, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर काळजी घ्या.